बुवांचं ऊन

“शुभे, बुवांचा पुढचा पाय बघ की. सकाळधरनं थरथरतोय.”

आई असं म्हणाली तेव्हा मी एका हाताने डबा भरत होते आणि दुसऱ्या हाताने केसांत पिना खोचत होते. नऊ पाचची बस चुकली की ऑफिसात उशिराचा शेरा ठरलेला. तरी मी गॅलरीत डोकावले. काचेच्या पेटीत बुवा नेहमीसारखा ओंडक्यावर पोट टेकून पडला होता. मला काही थरथर दिसली नाही. थंडीने असेल, म्हटलं.

“पेटीत दिवा हाय. थंडी कुठली?” आई म्हणाली. तिचं हे असंच होतं. एकदा सांगायची. दुसऱ्यांदा सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं, निदान माझ्या घरी तरी.

बुवा म्हणजे सरडा. कुंपणावरचा नव्हे, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला, हातभर लांब, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला. राग आला की ती दाढी फुगून काळीकुट्ट व्हायची. माझा मुलगा निषाद कॉलेजात असताना त्याचं बोटभर पिल्लू घेऊन आला होता. त्याने नाव ठेवलं रेक्स. आईने दाढीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, हे तर बुवा दिसत्यात. त्या दिवसापासून रेक्सला रेक्स म्हणणारा घरात फक्त निषाद उरला, आणि तोही पुढे शिकायला जर्मनीला गेला. जाताना म्हणाला, चार महिने सांभाळ, मग माझा मित्र घेऊन जाईल. त्या मित्राचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही.

मी सांगतेय ती गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. नवरा तेव्हा जाऊन आठ वर्षं झालेली, मी एका विमा कचेरीत कारकून, आणि बिबवेवाडीतल्या आमच्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही तीन जीव: मी, आई आणि बुवा. सोसायटीला लिफ्ट नव्हती. आईचे गुडघे गेलेले. वडील वारले, आष्ट्याची जमीन कसायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी तिला इकडे आणलं. तिला एका खुर्चीत बसवून तीन जिने वर चढवलं तेव्हा ती हसत होती, नवरी आल्यावाणी आले म्हणत होती. त्यानंतर तीन वर्षांत ती खाली उतरली नव्हती. डॉक्टर घरी यायचे, औषधवाला घरी यायचा, सगळं घरी यायचं. वॉकर धरून ती खाटेपासून बाथरूमपर्यंत जायची आणि परत यायची.

माझ्या मते मी तिची सोय उत्तम केली होती. तिचा सगळा जन्म हळदीच्या खळ्यावर गेला होता. शिजवलेली हळद उन्हात पसरायची, दिवसातून तीनदा हाताने उलथायची, पंधरा-पंधरा दिवस. अशा बाईला अंधाऱ्या खोलीत कसं ठेवायचं? म्हणून मी गॅलरीला सरकत्या काचा बसवून घेतल्या आणि तिची खाट तिथे टाकली. सकाळी आठपासून अकरापर्यंत खाटभर ऊन. काचा मात्र बंद ठेवाव्या लागत. पुण्यातली कबुतरं ज्यांना माहीत आहेत त्यांना कारण सांगायला नको. निषाद गेल्यावर बुवांची पेटीही मी तिथेच हलवली. दोघांना ऊन, दोघांना सोबत. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

चार दिवसांनी बुवांनी खाणं सोडलं तेव्हा आईचं म्हणणं मला आठवलं. टोपलीत टॉवेल अंथरून त्याला डॉक्टर रेवंडकरांकडे नेलं. पुण्यात असल्या प्राण्यांना हात लावणारे डॉक्टर तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी बुवाला उचललं, त्याचा खालचा जबडा अंगठ्याने हलकेच दाबला आणि मला म्हणाल्या, तुम्ही दाबून बघा. मी बोट लावलं. ओल्या पुठ्ठ्यासारखा तो आत गेला.

“हाडं मऊ झालीत,” त्या म्हणाल्या. “ऊन मिळतं का याला?”

“भरपूर. गॅलरीत सकाळी तीन तास असतं.”

“खिडकीला काच आहे?”

“आहे. बंदच असते.”

“मग ऊन मिळत नाही.” त्या रागावल्या नाहीत, रोज कुणाला ना कुणाला सांगत असाव्यात अशा सुरात बोलल्या. “काचेतून उजेड येतो, ऊब येते. हाडांना जे लागतं ते काच बाहेरच अडवते. तीन तास बसवा नाहीतर तीन वर्षं, उपयोग शून्य.”

मी म्हटलं, पेटीत उन्हासारखा उजेड देणारी खास नळी आहे की, मुलाने बसवलेली, अजून पेटते. त्यावर त्यांनी विचारलं, बसवून किती दिवस झाले. दीड वर्ष झालं होतं. ती नळी पेटत राहते पण सहा महिने, फार तर वर्षभराने तिच्यातला कस संपतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निषादने सांगितलंही असेल. मग एकेक चूक निघत गेली. मी रोज पालक घालत होते, पौष्टिक म्हणून. तो या प्राण्याला अंगातला चुना वापरू देत नाही. किडे खायला घालताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची होती, तिचा डबा मी घाणेरडा वास येतो म्हणून टाकून दिला होता. पेटीत वाळू होती ती पोटात जाऊन आतडं बंद पडू शकतं. तापमान किती ठेवता, तर मला ठाऊक नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं. वाळू काढून फरशीचा तुकडा. दिव्याखाली चाळीस अंश, दुसऱ्या टोकाला अठ्ठावीस, दोन्हीकडे एकेक तापमापक. पालक बंद, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीचं फूल. दर रविवारी वजन करून वहीत लिहायचं. नवी नळी मागवायला तीन-चार महिने लागणार होते. तोवर रोज सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास उघड्यावरचं ऊन, मधे काच नाही, जाळी नाही, काही नाही.

“आणि जपून उचला,” त्या म्हणाल्या. “या अवस्थेत पडायचीसुद्धा गरज नसते. नुसता पाय पुढे टाकताना हाड मोडतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर. मी तिला शब्दन् शब्द सांगितला. काचेतून ऊब येते पण हाडाचं ऊन येत नाही, हेही सांगितलं, अगदी समजावून, शाळेतल्या बाईंसारखं. आईने खाटेवरून हात लांब करून काचेला लावला. खाटभर ऊन होतं, काच तापलेली असावी.

“असं व्हय,” ती म्हणाली. आणि मग मला म्हणाली, चहा ठेव.

आता उघड्यावरचं ऊन कुठून आणायचं? खाली अंगणात दोन मोकाट मांजरं आणि तिसऱ्या नंबरच्यांचा कुत्रा. राहिली गच्ची. आमच्या दारापासून गच्चीपर्यंत अठरा पायऱ्या होत्या, पण दाराला कुलूप आणि किल्ली अध्यक्ष सबनीसांच्या कमरेला. सबनीस म्हणजे नियमाचा माणूस. कुणाच्या कुरडयांमुळे टाकीचं झाकण एकदा उघडं राहिलं, तेव्हापासून गच्ची सर्वांना बंद. मी गेले तर म्हणाले, वहिनी, लेखी द्या. मी लेखी दिलं. विषय : पाळीव प्राण्यास सूर्यप्रकाश मिळणेकामी गच्चीची किल्ली मिळणेबाबत. खाली सही, श्रीमती शुभदा घोरपडे. या आडनावाची बाई सरड्यासाठी अर्ज करते म्हटल्यावर सोसायटीत काय काय विनोद झाले असतील ते सांगायला नको.

कमिटीने अर्ज फेटाळला. आज सरड्याला दिली तर उद्या कुणी पापडांना मागेल. मी डॉक्टरांचं पत्र आणलं, पुढच्या सभेत उभी राहिले. मी कधी सभेत तोंड न उघडणारी बाई. तिथे मी जिवाचा प्रश्न आहे असं म्हणाले, आवाज चढला, डोळ्यांत पाणीही आलं. शेवटी सबनीस म्हणाले, नऊ ते दहा, टाकीला हात लावायचा नाही, आणि दुसरी किल्ली माझ्या हातात दिली. घरी येऊन ती मी आईच्या खाटेच्या उशाशी खिळ्याला अडकवली, जाता येता हाताला येईल अशी. ऑफिसातही साहेबांना भेटून सकाळी तासभर उशिरा यायची सवलत मिळवली. घरी आजारपण आहे, म्हटलं. खोटं नव्हतं ते.

एवढा आटापिटा कशासाठी ते सांगते, लपवण्यासारखं काही नाही. निषाद फोन करायचा तो रविवारी दुपारी बारा वाजता, आठवड्यातून एकदा, आणि चेहरा दिसायच्या आधी त्याचे शब्द यायचे, “आई, रेक्स दाखव.” मी फोन पेटीसमोर धरून उभी राहायची. वीस मिनिटं तो सरड्याशी बोलायचा, हसायचा. माझा हात भरून यायचा पण मी फोन हलवत नसे, कारण पेटीच्या काचेत मला त्याचा चेहरा दिसायचा. मग, आजी बरी आहे ना? बरी आहे. तू? मीपण. चल, ठेवतो. बुवा गेला तर या पोराला दर रविवारी फोन करायचं काय कारण उरेल, हे माझ्या मनात यायचं. बाकी सरड्यावर माझं काही प्रेमबिम नव्हतं.

तर नोव्हेंबरपासून आमचा रतीब सुरू झाला. नऊ वाजता किल्ली काढायची, बुवाला छातीशी धरून अठरा पायऱ्या चढायच्या, बादली पालथी घालून तीवर बसायचं. उन्हात ठेवला की बुवा अंग चपटं करायचा, रंग गडद करून घ्यायचा, जेवढं पिता येईल तेवढं ऊन पिऊन घ्यायचा. तोंड उघडं टाकलं की समजायचं, तापला. मग टाकीच्या सावलीत धरायचा. मी त्याची दाढी, त्याचे पाय न्याहाळत असायची. पाऊण तासाने खाली.

खाली आलं की आई खाटेवर उठून बसलेली असायची, दोन्ही हात पुढे.

“आण इकडं.”

याचंच मला नवल वाटायचं. हीच बाई आधी बुवाची शेपटी लागली तरी हात धुवायची. त्याच्यासाठी झुरळं पाळलेल्या डब्याकडे बघून म्हणायची, घरातली मारायला औषध आणता आणि ही पोसायला खोकी, तुमच्या अकलेला काय म्हणावं. आणि आता ती त्याला ओंजळीत घ्यायची, क्षणभर तशीच धरायची, मग पदराआड पोटाशी लावून डोळे मिटून बसायची.

“किती तापलाय गं,” म्हणायची.

बुवाही निमूट पडून राहायचा. मी ऑफिसला निघेपर्यंत तो तिथेच असे. कधी जिन्यात शेजारीण भेटली आणि मला उशीर झाला तर आई आतूनच विचारायची, आली का गं? आणलंस का? रविवारी मी निषादला सांगितलं, आजीला तुझ्या सरड्याचा लळा लागलाय. तो खूश झाला. म्हणाला, आजीचा आणि रेक्सचा फोटो पाठव. मी पाठवला. त्यात आई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, तिचे डोळे मिटलेले आहेत.

दिवसभर शेवग्याचा पाला निवडायचं काम तिने आपण होऊन घेतलं होतं. एकेक पान देठापासून खुडून ताटलीत ढीग करायची. पायाची थरथर थांबली ते तिनेच आधी पाहिलं. जानेवारीच्या अखेरीस वजन चारशे बारा ग्रॅम भरलं, जबडा अंगठ्याखाली दगडासारखा लागला. डॉक्टर रेवंडकर म्हणाल्या, इतकं मनापासून करणारी माणसं कमी बघितली. ते मी बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, फोनवर, दिसेल त्याला सांगितलं.

आईचं मधल्या काळात काय चाललं होतं, तर काही नाही. म्हणजे ती काही म्हणत नव्हती. कूस बदलताना खाटेची कड घट्ट धरायची. उठून उभं राहायला पूर्वी दोन हिसके लागायचे, आता चार-पाच लागत. एकदा मी विचारलं, दुखतंय का. म्हणाली, काय न्हाई गं, अंग जरा मोडल्यागत झालंय. मी मलमाची बाटली दिली. ऐंशी वर्षांच्या बाईचं अंग दुखणारच. तुला काही हवं का, असं मी अधूनमधून विचारायची आणि तिचं उत्तर ठरलेलं, “लेकीच्या घरी मागायचं नसतंय.” ती लेकीच्या घरचं पाणी पिणंही जिवावर येणाऱ्या पिढीतली होती, येताना स्वतःचं ताट, वाटी, तांब्या घेऊन आली होती आणि त्यातच जेवायची. आम्ही दोघी त्या उत्तरावर हसायचो. मला ती थट्टा वाटायची.

फेब्रुवारीतली दुसरी की तिसरी सकाळ. लख्ख ऊन होतं. मी बुवाला घेऊन खाली आले. आई उठून बसली होती, पण मी पेटीचा दिवा चालू करायला आधी पलीकडे वळले. तिने “आण इकडं” म्हणत हात लांब केले, कंबरेतून जराशी वळली. सुपारी फुटावी तसा आवाज झाला. आई पडली नाही, कशावर आपटली नाही. ती बसल्या जागी पांढरी पडली आणि तिचे पुढे केलेले हात तसेच राहिले.

ॲम्ब्युलन्सबरोबर एकच माणूस आला होता. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेना. मग त्यांच्या घडीच्या खुर्चीला आईला चादरीने बांधलं, पायाला फळी दिली, आणि खुर्चीला दुसरीकडून हात लावायला सबनीस धावले. पुढे तो माणूस, मागे सबनीस. तीन जिने त्यांनी पाच मिनिटांत उतरवले. खाली पोचल्यावर सबनीस म्हणाले, “हलक्या आहेत हो आई. एकट्यानेसुद्धा नेलं असतं.”

अंगणात ऊन होतं. खुर्ची उन्हात आली आणि आई म्हणाली, “थांबवा.”

मला वाटलं कळ आली. मी वाकून म्हटलं, आई, गाडी उभी आहे, उशीर नको करायला. तिने तोंड वर केलं होतं, डोळे मिटलेले. कपाळावर घाम, ओठ घट्ट दाबलेले.

“थांब की गं जराशी.”

सबनीस थांबले. गाडीवाला थांबला. मी घड्याळात पाहिलं. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, मी म्हटलं, चला, चला. त्यांनी खुर्ची उचलली.

हॉस्पिटलात खिडकीवरच्या मुलीने फॉर्म भरायला घेतला. नाव, सखूबाई रामचंद्र शिणगारे. वय ऐंशी. वजन? मला सांगता येईना. अंदाजे सांगा, ती म्हणाली. माझ्या पर्समध्ये वही होती, तीत सोळा रविवारांची बुवाची वजनं ग्रॅमपर्यंत लिहिलेली होती. मी म्हटलं, माहीत नाही.

हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो उजेडावर धरला, रक्ताचे आकडे वाचले, पुन्हा फोटो धरला.

“पडल्या नाहीत म्हणता?”

“नाही. फक्त हात पुढे केला.”

“उन्हात बसतात का कधी?”

“त्यांची खाटच गॅलरीत आहे,” मी म्हणाले. “सकाळी आठपासून...”

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, “काच आहे का?” विचारायची गरज नव्हती. काचेने काय अडतं ते मी त्यांना समजावून सांगू शकले असते. नळीचा कस किती दिवसांत संपतो, हाडं कशी मऊ होतात, नुसता पाय पुढे टाकताना कशी मोडतात, सगळं मला तोंडपाठ होतं. मी एका सरड्यासाठी ते शिकले होते, भांडले होते, रडले होते, आणि ते सगळं मी माझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिच्या उशाशी किल्ली टांगून.

खुब्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बरीच शुद्धीवर होती. नर्स जेवायला गेलेली. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. कसं विचारायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून सरळ विचारलं.

“आई, तू मला का नाही म्हणालीस?”

“काय म्हणायचं?”

“मलापण वर ने म्हणून. अठरा पायऱ्या होत्या गं. सबनीसांनी उचलून नेलं असतं. कुणीही नेलं असतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टेचं ते जुनं हसू अर्धवट आलं. “लेकीच्या घरी मागायचं व्हय?”

मी रडायला लागले. तिने सलाईन लावलेला हात उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून दुसरा हात माझ्या मनगटावर ठेवला. तो गार होता.

“रडू नगंस. अंग मोडल्यागत झालंय म्हनले हुते की एकदा. तुला दोन येळा सांगायला मी काय परकी हाय?” ती थांबली, श्वास घेतला. “आन तू आणत हुतीस की रोज.”

“काय आणत होते?”

“ऊन. त्याच्या पाठीवरनं.” तिने मोकळ्या हाताची बोटं जराशी वाकवली, बुवाला घ्यायची तशी. “पोटाला लावलं की खळ्यावर बसल्यावाणी वाटायचं बघ. जरा येळ टिकायचं. मग गार व्हायचं.”

नंतर तिच्या छातीत कफ झाला. अकराव्या दिवशी ती गेली.

निषादला मी फोन केला तेव्हा तो पोरासारखा रडला. यायला निघतो म्हणत होता, मीच म्हटलं, परीक्षा आहे, नको. दिवसपाणी झालं. पाहुणे गेले. तेवढ्या दिवसांत बुवाला कुणी वर नेलं नव्हतं. मधेच नवी नळी आली होती, ती पेटीत बसवून झाली होती, आता गच्चीची गरज अशी उरलेली नव्हती. तो पुढे सात वर्षं जगला, ठणठणीत.

चौदाव्या दिवशी रविवार होता. घर रिकामं झालं तसे माझे हात आपोआप खिळ्याकडे गेले. मी किल्ली काढली, बुवाला घेतलं आणि अकराच्या सुमारास वर गेले. बादली पालथी घालून बसले. त्याने अंग पसरलं, रंग गडद केला. आष्ट्याच्या दिशेला कुठे बघायचं ते मला ठाऊक नव्हतं, मी नुसतीच समोर बघत राहिले. त्याने तोंड उघडलं तेव्हा उठले.

खाली आले, गॅलरीत गेले, आणि रोजच्या सवयीने त्याला दोन्ही हातांनी पुढे केलं. खाटेवर चादर घडी करून ठेवलेली होती. ताट, वाटी, तांब्या घासून उशाशी पालथे. मग खाटेवर बसले, त्याला ओंजळीत धरलं. पाठ खरंच तापलेली होती. इतके महिने मी त्याला वर नेत होते, खाली आणत होते, पण त्याच्या पाठीवर तळवा टेकवून कधी पाहिला नव्हता. मी त्याला पदराआड पोटाशी घेतलं.

बारा वाजले आणि फोन वाजला. मी एका हाताने बटण दाबलं आणि तो खाटेवर उताणा ठेवला.

“आई? काही दिसत नाहीये. छत दिसतंय.” निषादचा आवाज आला. “रेक्स कुठाय? दाखव ना.”

“थांब की रे जरासा,” मी म्हणाले. “अजून गरम आहे तो.”

त्याला काही कळलं नसणार, पण तो थांबला. पाठ गार होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.